टॉपवॉटरवर जिताडा धाड घालतो पण गळाला लागत नाही, काय चुकतंय?

ओहोटीची_पहाट

नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली लुअरने (खोट्या आमिषाने) गरवतोय पण आतापर्यंत सगळं पाण्याखालचंच, सॉफ्ट प्लास्टिक आणि बुडणारे मिनो. यंदा पहिल्यांदाच टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर तरंगत खेळवायचा लुअर, हातात घेतलं आणि खरं सांगतो, रात्री डोळे मिटले तरी तेच दिसतंय. मागच्या तीन पहाटे मिळून ११ धाडी पडल्या, त्यातले निदान आठ तरी नक्की जिताडेच होते कारण तो आवाज दुसऱ्या कुणाचा नसतो, पाण्यात कुणीतरी उलटी बादली आपटल्यासारखा धप्प आवाज, आणि हातात किती आले तर शून्य. एकच लागला होता, त्याने अर्धा मिनिट ओढ दिली, बाहेर उडी मारली, मान झटकली आणि लुअर माझ्याच दिशेने परत आला.

सामान सांगतो. ७ फुटी मिडियम हेवी रॉड, अ‍ॅक्शन फास्ट, ४००० चं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे लुअरच्या आधी जोडलेला दीड मीटर ५० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर. लुअर दोन आहेत, एक ९० मिमीचा पॉपर (ओढला की ढपाक आवाज करणारा) आणि एक ११० मिमीचा वॉकर (डावी-उजवीकडे झुलत चालणारा). जागा म्हणाल तर खाडीला एक छोटा ओहळ येऊन मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना खारफुटी, ओहोटी लागली की आतून बोईची पिल्लं बाहेर पडतात आणि बहुतेक त्यांच्यासाठीच हे थांबलेले असतात.

मी करतो काय, तर फटका दिसला रे दिसला की पूर्ण ताकदीने रॉड मागे खेचतो. प्रत्येक वेळी लुअर हवेतून उडून येतो, एकदा तर कानाजवळून गेला. माझ्या सोबत्याचं म्हणणं की हे मासे खायला येतच नाहीत, नुसता हाकलायला येतात. मला ते पटत नाहीये. गळ छोटे आहेत का, लुअर चुकतोय, की मी? कुणी यातून गेलेलं असेल तर सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

जुना_गळकरी

तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, "फटका दिसला रे दिसला की".

जिताडा खातो कसा ते आधी नीट समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप जुळतं. तो चावा घेत नाही. त्याला कुत्र्यासारखे सुळे नाहीत, तोंडात हात फिरवला तर सॅंडपेपरसारखा खरखरीतपणा लागतो तेवढाच. तो भक्ष्याच्या मागे किंवा खाली येतो, तोंड आणि कल्ले एका क्षणात फाकवतो आणि पाण्यासकट सगळं आत ओढून घेतो, आणि तुम्ही ऐकता तो धप्प आवाज तोंड मिटतानाचा असतो. आता विचार करा, बोईचं पिल्लू मोकळं असतं, पाण्याबरोबर सरळ आत जातं. तुमचा लुअर मात्र ३० पौंडी ब्रेडला बांधलाय, ब्रेड काडीचाही ताणत नाही, रॉड फास्ट, आणि तुम्ही दोरी ताठ धरून उभे. तो पाणी ओढतो, पाणी आत जातं, लुअर तिथेच राहतो. वरून तुम्ही त्याच क्षणी हिसका देता. म्हणजे जो अर्धवट आत गेला होता तोही बाहेर.

तर दोन गोष्टी. एक, खेळवताना दोन हालचालींच्या मध्ये दोरीत थोडी ढील राहू द्या, रॉडचं टोक लुअरकडे परत नेलं की ती आपोआप मिळते. दुसरी आणि मोठी, फटका बघून काहीच करू नका. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातावर ठेवा. मासा वळला की वजन हाताला जाणवतं, दोरी बाजूला पळायला लागते, तेव्हा रीलचे दोन-तीन वेढे जोरात गुंडाळायचे आणि मग रॉड बाजूला, वर नाही, आडवा ओढायचा. वर खेचलात आणि चुकलं की लुअर तोंडावर येतो, ट्रेबल (तीन काट्यांचा) गळ डोळ्यात जाणं ही चेष्टा नाही, अंधारातही साधा पारदर्शक चष्मा लावत जा.

हे लिहायला सोपं आहे, करायला मला अख्खा एक हंगाम गेला. मी स्वतःला सवय लावली ती अशी, फटका पडला की मनात "आला" असं पूर्ण म्हणायचं आणि मगच हात हलवायचा. तेवढ्या वेळात एकतर वजन आलेलं असतं किंवा लुअर अजून तिथेच तरंगत असतो, आणि तरंगत असेल तर तो मासा अजून खालीच आहे, तो परत येऊ शकतो. तुम्ही हिसकून दहा फूट पुढे नेलात तर कुणासाठी येणार तो?

आणि सोबत्याला सांगा, हाकलायला कधी कधी येत असतीलही, पण ११ पैकी ११ वेळा नाही.

चारपट_गळ

वरच्या दादांचं सगळं मान्य पण मला सामानाबद्दल बोलायचंय कारण एक लागलेला सुटला त्याचं कारण हिसका नाही, गळ आहे असं माझं मत.

पॉपर ९० मिमीचा म्हणताय, त्यावर कारखान्याचेच ट्रेबल असतील तर पक्कड घेऊन एकदा वाकवून बघा, बरेचसे गोड्या पाण्यातल्या माशांसाठी दिलेले असतात, हाताने उघडतात. जिताड्याचं तोंड वरून मऊ वाटतं पण जबड्याचं हाड टणक, त्यात तो जबडा आवळून मान झटकतो तेव्हा दोन टोकांमध्ये पीळ बसतो आणि पातळ तार सरळ होते. ४एक्स जाडीचे (जास्त जाड तारेचे) ट्रेबल लावा, स्प्लिट रिंग (गळ अडकवायची कडी) सुद्धा बदला, लोक गळ बदलतात आणि रिंग तशीच ठेवतात, मग रिंग उघडते. पण एक लक्षात ठेवा, जाड गळ म्हणजे वजन. छोट्या पॉपरची शेपटी एवढी खाली जाते की तो उठतच नाही, नुसता पाणी ढकलतो. म्हणून गळ बदलले की आधी बादलीत किंवा काठाच्या शांत पाण्यात टाकून बघायचं कसा तरंगतो ते. शेपटी किंचित खाली हवी, नाक बाहेर. तसं होत नसेल तर पोटाचा ट्रेबल काढून तिथे एक इनलाइन सिंगल (एकाच काट्याचा गळ) लावा, मी आता बहुतेक लुअरवर दोन्हीकडे सिंगलच वापरतो, फटके थोडे जास्त चुकतात हे कबूल, पण लागलेला सुटत नाही आणि सोडताना माशाचे हाल होत नाहीत.

लीडरबद्दल. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, घनता साधारण १.७८, नायलॉन १.१४ च्या आसपास, आणि ब्रेड ०.९७ म्हणजे तरंगणारी. दीड मीटर जाड फ्लुरो लुअरच्या नाकाला लटकवलात आणि मध्ये मध्ये थांबायला लागलात की ते बुडतं आणि नाक खाली खेचतं. मोठ्या लुअरला फरक पडत नाही पण ९० मिमीला पडतो. टॉपवॉटरसाठी साध्या मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) लीडर घ्या, ४० ते ६० पौंडी, लांबी हाताएवढी पुरे. जाडी मात्र कमी करू नका, कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, झटापटीत लीडर त्यावर घासला की संपलं. मोनो थोडा ताणतो, तोही इथे फायद्याचाच.

अजून एक, स्नॅप किंवा स्प्लिट रिंगला लीडर बांधा, नाहीतर लूप नॉट (सैल फासाची गाठ) घाला. लुअरच्या नाकाला घट्ट गाठ आवळली असेल तर वॉकर डावी-उजवीकडे मोकळा फिरणार नाही, मग तुम्ही म्हणाल वॉकर चालतच नाही.

भांग_उधाण

सामानावर लोक लिहितायत म्हणून मी पाण्यावर लिहितो.

ओहळाच्या तोंडाशी उभे आहात हे उत्तम, पण उभे कुठे आणि फेकताय कुठे हे लिहिलं नाहीत. बरेच जण तोंडासमोर उभे राहून सरळ ओहळात फेकतात आणि प्रवाहाबरोबर लुअर स्वतःकडे आणतात, त्यात तुम्ही आणि मासा एकमेकांसमोर, आणि तुमची सावली, चिखलातली पावलं सगळं त्याला आधी कळतं. जिताडा तोंडाच्या मध्यात नसतो. बाहेर येणारं गढूळ पाणी आणि खाडीचं जरा स्वच्छ पाणी जिथे एकमेकाला घासतं तिथे एक रेघ दिसते, फेस आणि काड्या तिथे जमतात, त्या रेघेच्या संथ बाजूला, किंवा एखादं बुडलेलं खोड असेल तर त्याच्या आडोशाला तो उभा असतो. त्याला पोहायचे कष्ट नको असतात, जेवण दारात यायला हवं असतं. तुम्ही एका बाजूला दहा-पंधरा पावलं सरका, रेघेच्या पलीकडे फेका आणि लुअर तिरपा त्या रेघेवरून येऊ द्या. प्रवाह दोरीला हलका पोट देतो तेवढी ढील आपोआप तयार होते, जुने गळकरी म्हणतात तीच.

वेळ: पूर्ण भरती उतरायला लागल्यापासून पहिले दोन तास आतली पिल्लं अजून खारफुटीच्या मुळांत असतात. खरी गर्दी उतरत्या पाण्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, जेव्हा मुळं उघडी पडतात आणि पिल्लांना लपायला काही उरत नाही. ती वेळ पहाटेच्या किंवा दिवेलागणीच्या फिकट उजेडात येणारे दिवस शोधायचे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे असे चार-पाच दिवस सलग मिळतात आणि मग हातातून जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आणि चिखलमय, तेव्हा पॉपर, कारण दिसत काही नाही, आवाजच पोचतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी संथ आणि जरा निवळलेलं, तेव्हा वॉकर, आणि हळू.

पाणी गार असेल तर त्रास घेऊ नका, हा उष्ण पाण्याचा मासा, पाणी २० अंशांच्या आसपास उतरलं की तळाला सुस्त पडून राहतो, वर यायचं नाव काढत नाही.

थंड_पाण्यातला_मराठी

मी जिताडा नाही, युरोपियन सी बासच्या मागे असतो, गेली सहा वर्षं, खडकाळ किनाऱ्यावर. इंग्रजी नावात दोघेही बास (जिताडा म्हणजे एशियन सी बास) पण घराणं वेगळं, तरी टॉपवॉटरवरचा हा त्रास अगदी हाच होता म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पाणी अनेकदा गुडघा ते छातीएवढंच, खाली खडक आणि शेवाळ, तिथे बुडणारा काहीही टाकला की अडकतो, म्हणून टॉपवॉटर ही हौस नाही, गरजच. १२० मिमीच्या आसपासचा जड स्टिकबेट (काडीसारखा लांब लुअर) लांब फेकायचा आणि सतत डावी-उजवीकडे चालवत आणायचा. आणि इथे माझा अनुभव जुने गळकरींच्या उलट आहे. आमचा बास पहिल्यांदा बऱ्याचदा शेपटी मारतो किंवा नुसता मागे उसळतो, तेव्हा लुअर थांबवला की तो सोडून जातो. न थांबता, त्याच चालीने चालू ठेवला तर तोच मासा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतो, एकदा चार वेळा आला आणि चौथ्यांदा माझ्यापासून दोन रॉडच्या अंतरावर लागला, हात थरथरत होते. पळणारं भक्ष्य अचानक थांबलं तर त्याला संशय येत असावा असं मला वाटतं. तर थांबण्याबद्दल जे म्हटलंय ते सरसकट घेऊ नका, दोन्ही करून बघा.

हिसका न देण्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. मी तर हिसका देतच नाही, चालवत राहतो, मासाच स्वतःला लावून घेतो, मग फक्त वजन धरायचं.

ओहोटीची_पहाट

एवढं सगळं वाचून काल रात्री लीडर बदलले, गळ मागवलेत. पण एकजण म्हणतो थांब, एकजण म्हणतो चालव. मी करू काय? आणि हा जो "आला" म्हणायचा प्रकार आहे तो मी घरात बसून तीनदा केला, घरचे बघत होते.

जुना_गळकरी

दोघंही बरोबर आहोत, मासे वेगळे आहेत आणि जागाही. त्यांचा बास उघड्या पाण्यात हिंडून पाठलाग करतो. जिताडा दबा धरून बसणारा, आडोशाला लागून एकदाच झेप घेतो. झेप चुकली तर पाठलाग फार लांब करत नाही, पण भक्ष्य जखमी होऊन तिथेच फडफडतंय असं वाटलं तर परत घेतो. म्हणून जिताड्याला थांबा, आणि थांबा म्हणजे दगडासारखं नाही, दोन-तीन सेकंद शांत आणि मग रॉडचं टोक नुसतं थरथरवायचं, लुअर जागच्या जागी डुलला पाहिजे, पुढे नाही सरकला पाहिजे. माझे निम्म्याहून जास्त जिताडे त्या डुलण्यावर लागलेत. तरी नाही आला तर चालवा, त्यात वाईट काही नाही.

पॉपरचं अजून एक. नवीन माणूस पॉपर फार बडवतो, ढपाक ढपाक ढपाक करत आणतो. एक ढपाक, थांबा, पाण्यावरची वर्तुळं विरू द्या, मग दुसरा. वॉकरला आधी हात बसवा असं म्हणेन मी, त्याला दोरी सैल ठेवल्याशिवाय चालवताच येत नाही, म्हणजे ढील द्यायची सवय तो लुअरच तुम्हाला लावतो.

आणि लागल्यावर तो उडी मारणारच. उडी दिसली की रॉड वर धरू नका, टोक पाण्याकडे खाली, दोरी ताठ पण दाबून नाही. हवेत त्याच्या डोक्याच्या झटक्याला लुअरचं वजन मिळतं आणि गळ निघतो. तुमचा तो एक असाच गेला असणार.

ओहोटीची_पहाट

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय. चार पहाटे गेलो, त्यातली एक पाऊस आणि उलट्या वाऱ्यामुळे वाया.

पहिल्या दिवशी पहिल्याच धाडीला परत हिसका दिला, हात ऐकतच नाही. दुसऱ्या धाडीला दात आवळून उभा राहिलो, लुअर दिसेना, काही जाणवेना, मला वाटलं गेला, आणि मग दोरी शांतपणे डावीकडे सरकायला लागली. तो क्षण मी शब्दांत सांगू शकत नाही. गुंडाळलं, आडवा ओढला, आणि रीलने जी किंकाळी फोडली! बाहेर आला तेव्हा मोजला, ६४ सेमी. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकत होते, फोटोत बघितलं होतं पण समोर बघून गप्पच झालो.

एकूण धाडी ७, लागले ३, हातात २. जो गेला तो खोडात घुसला, लीडर कापला गेला, चूक माझी, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवला होता. दोन्ही जिताडे वॉकरवर, आणि दोन्ही थांबल्यावर, एक तर नुसता डुलत असताना. भांग_उधाण यांनी सांगितल्याप्रमाणे बाजूला सरकून रेघेवरून आणला, सगळ्यात जास्त फरक त्याने पडला असं मला वाटतंय, कारण आधी धाडी पडायच्या त्या घाईघाईच्या वाटायच्या, आता पडल्या त्या खोल आणि पूर्ण.

एक राहिलं. दुसरा मासा मोठा होता, मीटरभर तरी, मी त्याला सोडला पण सोडताना बराच वेळ गेला, दोन्ही ट्रेबल अडकले होते, एक कल्ल्यापाशी. गेला पोहत, पण हळू. मी चुकीचं काही केलं का?

चारपट_गळ

सोडलात हे फार चांगलं केलंत. मीटरभराचा म्हणजे जवळपास खात्रीने मादी. जिताडा आधी नर म्हणून वाढतो आणि साधारण ८० ते १०० सेमीच्या आसपास मादी होतो, म्हणजे मोठे जेवढे दिसतात ते बहुतेक माद्या, आणि एवढ्या मोठ्या मादीची अंडी लाखांत नाही, कोटीत मोजतात. म्हणूनच ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ५८ सेमीच्या खालचाही ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही नाही, खालची मर्यादा सगळ्यांना कळते पण वरची जास्त महत्त्वाची असं मी मानतो.

पुढच्या वेळी: गळाचे उलटे काटे पकडीने आधीच दाबून ठेवा, निघायला क्षण लागतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवा, उचलायचाच तर एक हात पोटाखाली, नुसता जबड्याला धरून उभा लटकवू नका, वजनाने मानेचा मणका दुखावतो. कल्ल्यात बोटं अजिबात नको, त्याचं भलं नाही आणि तुमच्या बोटांचंही नाही. लांब नाकाची पक्कड गळ्यात दोरीने बांधलेली, पिशवीत नको. आणि सोडताना डोकं प्रवाहाकडे करून धरा, पुढे-मागे घुसळायची गरज नसते, तो शेपटी मारून स्वतः सुटतो तोपर्यंत नुसता आधार द्या. हळू गेला तरी सरळ पोहत गेला ना? मग काळजी करू नका.

थंड_पाण्यातला_मराठी

वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे किमान ४२ सेमीची मर्यादा आहे, आणि त्या मापाला यायला या माशाला चार-पाच वर्षं सहज लागतात, म्हणून मीही बहुतेक सोडतोच. ड्रॅगचं बघा मात्र, खोडाजवळ गरवत असाल तर दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावा, स्प्रिंगच्या काट्याला बांधून घरीच मोजा. ३० पौंडीला १० पौंड.

ओहोटीची_पहाट

काटा आहे घरात, आजच मोजतो. सिंगल गळ आले की पोटाचा ट्रेबल काढून टाकणार. परवापासून ओहोटी पुन्हा उजाडताना येतेय.